प्रश्नमंजूषेतील प्रश्नाची भाषा : १९५३ ते २०१९

प्रश्नमंजूषांचा इतिहास सामान्यतः लिहिला जातो तो सूत्रसंचालकांच्या लोकप्रियतेचा, वाढत गेलेल्या बक्षिसांचा किंवा १९५०च्या दशकात अमेरिकेत उघडकीस आलेल्या घोटाळ्यांचा. प्रश्नाच्या वाक्यरचनेत या काळात काय घडले, याची नोंद मात्र क्वचितच होते. अवघड प्रश्न आणि संदिग्ध प्रश्न यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात स्पर्धकाचे ज्ञान अपुरे पडते, तर दुसऱ्यात ज्ञान असूनही नेमके काय विचारले आहे तेच त्याला कळत नाही. हा फरक प्रश्नलेखकांना पूर्वीपासून ठाऊक असला, तरी त्याला नियमांचे रूप आले ते आधी बझरमुळे आणि पुढे बक्षिसाच्या पैशामुळे.

अमेरिकेत १९५३ साली नभोवाणीवर सुरू झालेल्या ‘कॉलेज बोल’ या महाविद्यालयीन स्पर्धेत आणि तिच्या धर्तीवर १९६२ साली ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘युनिव्हर्सिटी चॅलेंज’मध्ये प्रश्न पूर्ण होण्याआधी बझर दाबण्याची मुभा होती. त्यामुळे वाक्यातील माहितीचा क्रम हाच निर्णायक ठरला, कारण अर्ध्या वाक्यावर थांबणाऱ्या जाणकाराला तोवर ऐकलेल्या भागातून प्रश्नाची दिशा कळणे आवश्यक होते. या गरजेतून अमेरिकेच्या विद्यापीठीय वर्तुळात पुढे ‘पिरॅमिड’ रचना रूढ झाली. तीत सर्वांत दुर्मीळ माहिती आधी आणि सर्वपरिचित माहिती शेवटी येते, आणि ‘हा लेखक’, ‘हे शहर’, ‘हे मूलद्रव्य’ अशा दर्शक शब्दांनी उत्तराचा प्रकार पहिल्याच वाक्यात सांगून टाकला जातो. ‘जेपर्डी’ या १९६४ साली सुरू झालेल्या अमेरिकी कार्यक्रमाने वेगळा मार्ग धरला: १९८५ पासून तेथे प्रश्न वाचून पुरा होईपर्यंत बझर चालेनासा करण्यात आला.

मराठीत प्रश्नाची दिशा उशिरा कळण्याची अडचण अधिक तीव्र होते, कारण विशेषणे आणि संबंधी उपवाक्ये आधी व मुख्य विचारणा शेवटी, हा या भाषेचा स्वाभाविक ओघ आहे. ‘१४ एप्रिल १८९१ रोजी ज्यांचा जन्म झाला आणि ज्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने भारतीय राज्यघटनेचा मसुदा तयार केला, त्यांचे जन्मगाव कोणते?’ या प्रश्नात शेवटचे दोन शब्द ऐकू येईपर्यंत श्रोता व्यक्तीचे नाव मनात धरून बसतो आणि घाईने ‘आंबेडकर’ म्हणून गुण गमावतो; त्यात महू हे उत्तर ठाऊक नसल्याचा काहीच पुरावा नसतो. ‘कोणत्या गावी’ हे शब्द आरंभी आणले की तोच प्रश्न निर्दोष होतो. आपल्याकडे नभोवाणीवर १९७२ पासून हमीद सयानी आणि त्यांच्यानंतर अमीन सयानी यांनी चालवलेल्या ‘बोर्नव्हिटा क्विझ कॉन्टेस्ट’सारख्या केवळ कानाने ऐकायच्या कार्यक्रमांत अशा रचनेचे महत्त्व उघड होते, तर दूरदर्शनवर १९८५ साली आलेल्या सिद्धार्थ बसूंच्या ‘क्विझ टाइम’मध्ये समोर बसलेला प्रश्नकर्ता संदिग्धता लक्षात आल्यास जागच्या जागी निवाडा करू शकत होता.

ही लवचीकता संपली ती पर्यायांच्या आगमनाने. ‘हू वॉन्ट्स टू बी अ मिल्यनेअर?’ हा कार्यक्रम सप्टेंबर १९९८ मध्ये ब्रिटनमध्ये आणि त्याचे भारतीय रूप ‘कौन बनेगा करोडपति’ ३ जुलै २००० रोजी सुरू झाले. चार पर्याय पडद्यावर लिहून दाखवल्याने सर्व शंका मिटतील असा समज होता. प्रत्यक्षात पर्यायांनी नव्या शंका आणल्या. अमेरिकी आवृत्तीत २००० साली सर्वाधिक उंचीवरील राजधानी कोणती असे विचारून मेक्सिको सिटी, क्विटो, बोगोटा आणि काठमांडू हे पर्याय देण्यात आले. उत्तर क्विटो होते. परंतु सुमारे ३,६०० मीटर उंचीवरील ला पाझ पर्यायांत नव्हते आणि प्रश्नात ‘यांपैकी’ हा शब्दही नव्हता. शिवाय बोलिव्हियाची घटनात्मक राजधानी सुक्रे असून ला पाझ हे शासनाचे केंद्र असल्याने ‘राजधानी’ म्हणजे काय, हाही वाद शिल्लक राहतो. काठमांडू असे उत्तर देऊन बाद झालेल्या स्पर्धकाने दावा लावला आणि तो हरला, जे योग्यच म्हणावे लागेल, कारण काठमांडू कोणत्याही वाचनात बरोबर ठरत नव्हते. तरीही एका ‘यांपैकी’ने टळला असता असा खटला त्या शब्दाची किंमत दाखवून जातो.

ब्रिटनमधील १९९९ चे प्रकरण याहून बोलके आहे. टेनिसचा एक सेट जिंकण्यासाठी खेळाडूला सिद्धांततः कमीत कमी किती फटके मारावे लागतील, या प्रश्नाला २४ हे उत्तर बरोबर धरण्यात आले. सहा गेम आणि प्रत्येकी चार गुण, असा तो हिशेब होता. पण प्रतिस्पर्ध्याच्या तीन सर्व्हिस गेममध्ये त्याने प्रत्येक गुण दुहेरी चुकीने गमावला तर विजेत्याला चेंडूला रॅकेटही लावावी लागत नाही, म्हणून खरे उत्तर १२ होते, आणि तेही पर्यायांत होते. प्रश्नाचे शब्द अचूक होते. ज्याने ते लिहिले त्याने फटके विचारले आणि मोजले गुण. स्पर्धकाला जिंकलेली रक्कम ठेवू देण्यात आली. याच कार्यक्रमात २००६ साली दहा लाख पौंडांसाठी अमेरिकेच्या ब्रीदवाक्याचा लॅटिनमधून केलेला अनुवाद विचारला गेला. अपेक्षित उत्तर राजमुद्रेवरील ‘अनेकांतून एक’ हे होते. पण १९५६ पासूनचे कायदेशीर ब्रीदवाक्य ‘ईश्वरावर आमचा विश्वास’ हे असल्याने आणि तेही पर्यायांत असल्याने तेच उत्तर दिलेल्या दांपत्याला परत बोलावून नवा प्रश्न देण्यात आला. येथे दोष ‘ब्रीदवाक्य’ या मोघम शब्दाचा होता, कारण राजमुद्रेवरील की कायद्यातील, हे तो सांगत नाही.

मराठीत हा चार पर्यायांचा साचा २०१३ साली ‘कोण होईल मराठी करोडपती’च्या रूपाने आला, आणि मराठी प्रश्नलेखकासमोरची मोघम शब्दांची यादीही काही लहान नाही. तीत ‘सर्वांत मोठा’ आणि ‘पहिला’ हे दोन शब्द अग्रभागी ठेवावे लागतील. महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा क्षेत्रफळाने अहमदनगर, ज्याचे नाव आता अहिल्यानगर आहे. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्येने ठाणे. आणि १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाल्यावर, तीच जनगणना प्रमाण धरली तरी, पुणे. म्हणजे मोजमाप, कालबिंदू आणि नाव या तिन्ही गोष्टी प्रश्नातच बांधून द्याव्या लागतात. ‘पहिला चित्रपट’ म्हटले की दादासाहेब तोरणे यांचा १९१२ चा ‘श्री पुंडलिक’ पुढे येतो, म्हणून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ अपेक्षित असल्यास ‘पूर्ण लांबीचा’ हे विशेषण लागते, आणि बोलपट विचारायचा असल्यास तसे स्पष्ट म्हणावे लागते. लिंगामुळे उत्तर फुटण्याचा धोका वेगळाच: ‘पहिला’ किंवा ‘पहिली’ लिहिताच निम्मे पर्याय गळतात, त्यावर ‘पहिली व्यक्ती’ हा अनुभवी लेखकांचा तोडगा आहे. स्पर्धा परीक्षांतील ‘कोणते विधान चुकीचे नाही’ ही दुहेरी नकाराची चाल मात्र ज्ञानाऐवजी उमेदवाराची दमछाक मोजते. लोकसेवा आयोगाच्या पहिल्या उत्तरतालिकेवर हरकती मागवून अंतिम तालिकेत काही प्रश्न रद्द करण्याची पद्धत आहे, तशी ठरलेली सोय दूरचित्रवाणीवर नसते.

पर्यायांची भाषा हीही प्रश्नाचीच भाषा असते, हे नोव्हेंबर २०१९ मध्ये महाराष्ट्रात झालेल्या संतापातून दिसले. ‘कौन बनेगा करोडपति’त मुघल सम्राट औरंगजेबाचा समकालीन कोण, या प्रश्नाखाली महाराणा प्रताप, राणा सांगा आणि महाराजा रणजितसिंह यांची नावे बिरुदांसह होती, तर छत्रपतींचा उल्लेख केवळ ‘शिवाजी’ असा होता. अवमानाचा आरोप झाला आणि अमिताभ बच्चन यांनी क्षमा मागितली. भावनेचा प्रश्न क्षणभर दूर ठेवला तरी रचनेचा दोष उरतोच: चार पर्याय एकाच घडणीचे असावेत हा प्रश्नलेखनाचा जुना नियम आहे, आणि येथे इतर तिघांपासून वेगळा दिसणारा एकमेव पर्याय हाच बरोबर उत्तर होता.