कृत्रिम बुद्धिमत्ता : व्याख्या आणि महाविद्यालयीन शिक्षण

माणसाला जे काम करताना बुद्धी वापरावी लागते, ते यंत्राकडून करवून घेण्याचे शास्त्र म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता, अशी या विषयाची ढोबळ व्याख्या करता येईल. १९५० मध्ये ॲलन ट्युरिंग यांनी यंत्राची लेखी उत्तरे माणसाच्या उत्तरांहून वेगळी ओळखता येतात काय, ही कसोटी सुचविली. पुढे जॉन मॅकार्थी व त्यांच्या तीन सहकाऱ्यांनी १९५५ च्या प्रस्तावात या विषयाला आजचे नाव दिले आणि १९५६ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथे त्यावर चर्चासत्र भरले.

तथापि, व्याख्या स्थिर राहिलेली नाही. १९९७ मध्ये ‘डीप ब्लू’ संगणकाने बुद्धिबळातील जगज्जेता कास्पारोव्ह याला हरविले, तेव्हा ही बुद्धी नव्हे, केवळ वेगवान आकडेमोड होय, असेही म्हटले गेले.

या शास्त्राच्या दोन प्रमुख पद्धती आहेत. पहिलीत तज्ज्ञांचे नियम संगणकाला लिहून दिले जातात. दुसरीत उदाहरणे दिली जातात. शेतकऱ्याचा मुलगा रोगट पान पुस्तकातून नव्हे, तर शेतात पाहून पाहून ओळखू लागतो. तद्वत संगणक हजारो छायाचित्रांवरून खुणा शोधतो. मात्र एका भागातील पानांवर शिकलेला संगणक दुसऱ्या भागातील पिकाबाबत चुकू शकतो. ही मर्यादा विद्यार्थ्याला शिकविणे हे यंत्र चालविण्यास शिकविण्याइतकेच अगत्याचे आहे.

अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने २०१८ मध्ये या विषयाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला. २०१९ मध्ये हैदराबादच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने सुमारे २० जागांचा बी. टेक. अभ्यासक्रम आरंभिला. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी हे नाव स्वीकारले. परंतु नाव बदलल्याने विषय बदलत नाही.

म्हणून पालकांनी व शिक्षकांनी प्रवेशापूर्वी अभ्यासक्रम मागवून पाहावा. रेषीय बीजगणित, संभाव्यता, संख्याशास्त्र व संगणक-प्रोग्रॅमिंग यांचा पाया त्यात आहे काय, प्रत्यक्ष माहितीवर काम करावे लागते काय, यंत्राच्या चुकीची जबाबदारी कोणाची याचा विचार शिकविला जातो काय, हे तपासावे. गणिताचा पाया कच्चा राहिल्यास विद्यार्थी तयार साधने वापरील. पण ती कोठे व का चुकतात, हे त्याला सांगता येणार नाही. कष्टाच्या पैशातून भरलेल्या शुल्काचे सार्थक नावावर नव्हे, तर या ज्ञानावर अवलंबून आहे.