घरपोच जेवण आणि रस्त्याचा हक्क

मुंबईचे डबेवाले १८९० पासून घरचे जेवण पोहोचवीत आले आहेत. लोकल, सायकल आणि पायपीट यांवर त्यांचे काम चालते. एक माणूस एका फेरीत ३०-४० डबे नेतो. आज एका बिर्याणीसाठी एक मोटारसायकल धावते. मार्च २०२२ मध्ये झोमॅटोने १० मिनिटांत जेवण देण्याची घोषणा केली, तेव्हा पोहोचविणाऱ्या मुलांच्या जिवाचे काय, असा प्रश्न देशभर विचारला गेला. घाई वाढली की गाडी दिसेल तिथे उभी राहते.

आपल्या इस्लामपुरातही आता पार्सल घरपोच येते. गल्लीच्या तोंडाशी दोन गाड्या आडव्या लागल्या की रुग्णवाहिकाही अडते. दोष एकट्या त्या मुलाचा नाही. हॉटेलवाल्यांनी गाड्यांना जागा द्यावी. आपणही मगरिबला १० मिनिटे उरली असताना ऑर्डर देऊ नये. आणणाऱ्याचाही रोजा असू शकतो. शेजाऱ्यांनी मिळून एकदाच मागवावे, चार पावले चालून पार्सल घ्यावे.

रस्त्यातील त्रासदायक वस्तू दूर करणे हा हजरत मुहम्मद (स.) यांनी ईमानचाच भाग सांगितला आहे. मग आपल्या जेवणासाठी दुसऱ्याची वाट अडावी, हे आपल्याला कसे चालेल?