खऱ्याखोट्याची पारख करणारा लेप

वरळीच्या बीडीडी चाळींत गावाकडची किती घरे नांदली! मुंबई विकास खात्याने १९२० च्या दशकात त्या बांधल्या. एकट्या वरळीत १२१ चाळी आणि एका बिऱ्हाडाला १६० चौरस फुटांची खोली. आता तिथे पुनर्विकास चालू आहे. ५०० चौरस फुटांच्या पहिल्या ५५६ घरांच्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये रहिवाशांना मिळाल्या. पण घर मिळायचे तर आधी हक्क शाबीत व्हावा लागतो. ट्रंकेत जपलेल्या भाडेपावतीला तेव्हा सोन्याचे मोल येते.

मात्र कागद खोटाही निघतो. २००१ मध्ये पकडलेल्या अब्दुल करीम तेलगीचे बनावट मुद्रांक भल्याभल्यांना ओळखू आले नव्हते.

म्हणूनच सरकार खुणा पेरते. पाचशेची नोट तिरकी धरा, धागा हिरव्याचा निळा दिसेल. बँकेतल्या अतिनील दिव्याखाली तिचा नंबर चमकतो.

पण छापील खूण घासते, तिला चरे पडतात. मग खरी वस्तूही खोटी वाटू लागते. यावर शास्त्रज्ञांनी एक तोड शोधली आहे: चमकणारे आणि स्वतःच सांधणारे बहुवारिक, म्हणजे प्लॅस्टिकच्या जातीचा पदार्थ. त्याचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. कणकेचे दोन ओले गोळे एकमेकांना लावले की एक होतात ना? तसेच इथे. साखळ्यांमधले दुवे तुटले तरी पुन्हा जुळतात. कधी आपोआप, कधी थोड्या उबेने. काही प्रकारांत युरोपियम हा धातू साखळ्या बांधून ठेवतो आणि अतिनील प्रकाशात लाल चमकतोही. चरा बुजला की खूण पुन्हा अखंड. नक्कल करणाऱ्याला नुसता रंग मिळून भागत नाही. चमक आणि सांधणे, दोन्ही साधावे लागते.

हे काम अजून मुख्यतः प्रयोगशाळांत आहे. बियाण्याच्या पिशवीवर अशी खूण आली तर शेतकऱ्याच्या फार उपयोगी पडेल. बोगस बियाणे उगवले नाही तर नुसते पैसे जात नाहीत, पेरणीचा हंगामच हातचा जातो.

तोवर आपली सावधगिरी आपल्याच हाती. बियाणे परवानाधारक दुकानातूनच घ्या. पक्की पावती मागा, तिच्यावर लॉट नंबर लिहून घ्या. पिशवी, तिचे लेबल आणि मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपून ठेवा. तक्रार करायची वेळ आली, तर हाच तुमचा पुरावा.