उसन्या दागिन्यांची परतफेड

‘विंग कमांडर’ हा हुद्दा आपल्याकडील वाचकांस हवाई दलामुळे परिचित आहे. परंतु अमेरिकेतील टेक्सास राज्यात ऑस्टिन येथील ‘ओरिजिन सिस्टिम्स’ ह्या संस्थेने १९९० साली ह्याच नावाचा जो संगणकीय खेळ प्रसिद्ध केला, त्याचे रणक्षेत्र सत्ताविसाव्या शतकातील अंतराळाचे होते. मानवजात आणि ‘किलराथी’ नामक धिप्पाड, मार्जारमुखी शत्रू यांच्या संग्रामात ‘टायगर्स क्लॉ’ ह्या विमानवाहू नौकेवर तैनात झालेला एक नवशिका वैमानिक, एवढेच त्याचे कथाबीज. त्या खेळाचे जनक ख्रिस रॉबर्ट्स यांनी १९९९ साली त्यावर चित्रपट काढला आणि तो सपशेल कोसळला. लोकप्रिय खेळावरचा चित्रपट फसला, की दिग्दर्शकाला मूळ खेळ ठाऊकच नव्हता, अशी फिर्याद त्याचे चाहते हटकून दाखल करतात. येथे तर खेळाचे कर्तेच दस्तुरखुद्द दिग्दर्शकाच्या आसनावर विराजमान होते, आणि म्हणूनच ह्या अपयशाची मीमांसा अधिक उद्बोधक ठरते.

त्या काळच्या संगणकाची ऐपत बेताची आणि त्यावरील चित्रे ओबडधोबड. तरीही त्या खेळाने खेळणाऱ्यास बांधून ठेवले, ते युद्धापेक्षा युद्धाबाहेरच्या व्यवहाराने. मोहिमेवरून परतल्यावर नौकेवरील मद्यगृहात सहकारी वैमानिकांशी गप्पा व्हायच्या. भिंतीवरच्या फळ्यावर कोणी किती शत्रू पाडले त्याचा हिशेब मांडलेला असायचा. पराक्रम गाजविल्यास पदक मिळायचे. एखादी मोहीम फसली तरी खेळ तेथेच संपत नसे. कथानक पराभवाच्या वाटेला वळे, आणि अपयशांची रास वाढत गेली तर अखेरीस त्या संपूर्ण क्षेत्रातून माघार घेण्याची नामुष्की पदरी येई. सोबतचा वैमानिक आपल्या गफलतीने मारला गेला, तर त्यास लष्करी इतमामाने निरोप देण्याचा प्रसंग पडद्यावर येई, आणि तो पुन्हा कधीही दिसत नसे. ज्याच्याशी काल दोन शब्द बोललो, त्याच्या मृत्यूचे उत्तरदायित्व आपल्या खात्यावर जमा झाले आहे, ही टोचणी त्यापूर्वीच्या नेमबाजीच्या खेळांनी क्वचितच दिली होती.

पुढे रॉबर्ट्स यांना चित्रपटकलेचा मोह जडला. १९९४ सालच्या तिसऱ्या भागात मार्क हॅमिल, माल्कम मॅकडॉवेल ह्यांसारख्या नामवंत नटांची चलत्‌चित्रे खेळात अवतरली. चौथ्या भागासाठी तर खरेखुरे नेपथ्य उभारून फिल्मवर चित्रीकरण झाले, आणि खर्च सुमारे एक कोटी वीस लाख डॉलरांवर गेला. सिनेमाच्या घरून उसने आणलेले हे दागिने खेळाच्या अंगावर शोभून दिसले, कारण त्यांच्याखालचे शरीर खेळाचेच होते, आणि निर्णायक क्षणी काय बोलावे, कोणाची बाजू घ्यावी, ह्याची मुखत्यारी खेळणाऱ्याकडेच राहिली होती.

चित्रपटाच्या वेळी हेच दागिने मूळ मालकाच्या घरी परत गेले. लक्झेंबर्ग येथे चित्रीकरण झाले, ‘टायटॅनिक’चे कलादिग्दर्शक पीटर लॅमाँट दिमतीला होते, डेव्हिड वॉर्नर, डेव्हिड सुशे, ‘दास बोट’ ह्या पाणबुडीपटाचा नायक युर्गन प्रॉखनॉव असे कसलेले नट होते, आणि नायकाच्या भूमिकेत फ्रेडी प्रिंझ ज्युनियर हा तरुण होता. शत्रूची नौका वरून जात असता सर्वांनी श्वास रोखून निःशब्द राहावे, असा पाणबुडीपटातला प्रसंग निर्वात अंतराळात घडतो. नौकेच्या फलाटावरून ढकललेले भग्न विमान, खाली समुद्र असावा तसे, खाली कोसळते. प्रेक्षक हसले. वास्तविक अंतराळात न संभवणारे स्फोटांचे आवाज मूळ खेळातही होतेच. परंतु तेव्हा दोन्ही हात सुकाणूवर गुंतलेले असत. रिकाम्या हातांना दोष मोजण्यास सवड मिळते.

किलराथींची दशा तर ह्याहून केविलवाणी. खेळात ज्यांचा दरारा वाटे, ते पडद्यावर रबरी मुखवट्यांतले, जेमतेम हालचाल करणारे पुतळे भासले. तथापि माझ्या मते मुख्य प्रमाद वेगळाच आहे. खेळातला ‘बॉसमन’ हा वैमानिक चित्रपटात आरंभापूर्वीच मृत झालेला आहे, आणि नायकाने त्याच्याविषयी पृच्छा करताच, असा कोणी कधी नव्हताच, असे त्यास बजावले जाते. मृतांचे अस्तित्व नाकारावे, ही त्या नौकेची वहिवाट. ज्या खेळाने गेलेल्या सोबत्यास मानवंदना देऊन त्याची रिकामी जागा शेवटपर्यंत जाणवत ठेवली, त्याच खेळाच्या चित्रपटात मृतांचे विस्मरण हा शिरस्ता व्हावा! युद्धात मन घट्ट करणाऱ्या सैनिकांची ती रीत असेलही. परंतु ज्याला आपण ओळखतच नव्हतो, त्याचे विस्मरण प्रेक्षकाने कोणत्या मनाने करावे?

जमाखर्चाचा निकाल रोखठोक आहे. सुमारे तीन कोटी डॉलर खर्चून काढलेल्या ह्या चित्रपटाने अमेरिकेत सुमारे एक कोटी सोळा लाख डॉलर मिळविले. त्याच्या सोबत त्याच वर्षी येऊ घातलेल्या नव्या ‘स्टार वॉर्स’ची झलक दाखविली जात होती, आणि कित्येकांनी तिकीट काढले ते त्या झलकेपुरतेच.

खेळाची कथा म्हणजे खेळ नव्हे. कथा, नट, नेपथ्य, संगीत हे सारे एका माध्यमातून दुसऱ्यात नेता येते. दायित्व तेवढे नेता येत नाही, आणि त्याच्या जागी चित्रपटाच्या स्वतःच्या सामर्थ्यातून काही नवे निर्माण करावे लागते. ते येथे झाले नाही. रॉबर्ट्स पुढे काही वर्षे चित्रपटनिर्मितीत रमले, आणि २०१२ साली पुन्हा अंतराळातल्या खेळाकडेच वळले.