ट्रकला फ्लाइट नंबर कशाला? विमानाचा माल: रस्ता की रेल्वे?

युरोपातल्या महामार्गांवर काही ट्रक चक्क फ्लाइट नंबर घेऊन धावतात. कागदोपत्री विमान, प्रत्यक्षात ट्रक! फ्रँकफर्ट, ॲमस्टरडॅम, लीज अशा मोठ्या विमानतळांपर्यंत आसपासच्या शहरांतला माल तेच आणतात. मग हे काम रेल्वेला का देत नाहीत? आज तेच बघूया.

आधी हिशेब. युरोपीय पर्यावरण संस्थेच्या २०१८ च्या आकडेवारीनुसार, एक टन माल एक किलोमीटर नेताना ट्रकमुळे सरासरी १३७ ग्रॅम हरितवायू बाहेर पडतात, रेल्वेमुळे २४ ग्रॅम. म्हणजे १० टन माल ५०० किलोमीटर न्यायचा, तर ट्रकचे ६८५ किलो, रेल्वेचे १२०. पण स्टेशन काही कारखान्याच्या दारात नसतं. दोन्ही टोकांना ५०-५० किलोमीटर ट्रक धरला, तर आणखी १३७ किलो. एकूण २५७. तरीही निम्म्याहून कमी!

आता हेच अंतर १५० किलोमीटर करा. ट्रक साधारण २०६ किलो, रेल्वे अधिक ट्रक १७३. फायदा जेमतेम, आणि माल दोनदा चढवा-उतरवायचा तो वेगळाच.

दुसरा मुद्दा आकाराचा. विमानाची मोठी पॅलेट ३१८ बाय २४४ सेंटिमीटरची. ट्रकच्या एका ट्रेलरमध्ये अशा चार बसतात, भरल्या की निघाला. रेल्वेला मात्र रोज, ठरल्या वेळी, गाडीभर माल लागतो. फ्रान्सच्या टपाल खात्याने १९८४ ते २०१५ पर्यंत टपालासाठी खास टीजीव्ही गाड्या चालवल्या. वेग भरपूर होता, पण पत्रं घटली आणि गाड्या थांबल्या. मार्च २०१२ मध्ये अशीच एक गाडी चाचणीसाठी ल्योनहून पॅरिसच्या शार्ल द गोल विमानतळामार्गे लंडनला गेली. चाचणी झाली, पण त्यातून नियमित सेवा काही उभी राहिली नाही.

माझं मत विचाराल तर: दोन मोठ्या विमानतळांमधला लांबचा, रोजचा, रात्रीचा माल रेल्वेने, जवळचा आणि ऐनवेळचा ट्रकने, तोही शक्यतो विजेवरच्या. त्यासाठी आधी एक गोष्ट हवी: मालाच्या गोदामापर्यंत थेट रूळ. नवीन विमानतळाचा नकाशा काढतानाच ही जागा राखली नाही, तर पुढची कित्येक वर्षं ट्रकशिवाय पर्याय उरत नाही.

तुमच्या शहरात विमानतळ आणि मालगाडीचं स्टेशन किती लांब आहेत? नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!