माशीच्या पोटातला कांदा

जास्त पिकलेल्या केळ्यांवर घोंगावणारी बारीक चिलटं तुम्ही पाहिली असतील. तीच फळमाशी! शास्त्रज्ञांची ही शंभर वर्षांहून जुनी मैत्रीण.

या माशीच्या नरात शुक्रपेशी तयार होताना एक गंमत घडते. तंतुकणिका, म्हणजे पेशीतली छोटी वीजघरं, एकमेकींत मिसळत जातात आणि शेवटी दोनच मोठ्या उरतात. त्या एकमेकींभोवती असे वेढे घेतात, की इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली थेट कांद्याची चकतीच वाटावी!

काही माश्यांत मात्र हा कांदा विस्कटलेला दिसे. त्या नरांना पिल्लंच होत नसत. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या कॅरन हेल्स आणि मार्गारेट फुलर यांनी यामागचं जनुक शोधलं. त्याचं नाव ‘फझी ऑनियन्स’. (नाव देताना शास्त्रज्ञसुद्धा खट्याळपणा करतात बरं का!) हे जनुक बनवतं तसलंच प्रथिन तुमच्या-आमच्या पेशींतही असतं. त्याला म्हणतात मायटोफ्युजिन.

पण प्रथिन हवंच कशाला? पाण्यावरचे तेलाचे दोन थेंब तर आपोआप एक होतात! तंतुकणिकांचं तसं नाही. त्यांच्या पटलाला पाण्याचा पातळ थर बिलगलेला असतो. तो बाजूला सारायला जोर लागतो. मायटोफ्युजिन बाहेरच्या पटलात रुतून बसतं आणि डोकं मात्र बाहेर काढतं. शेजारणीवरचं मायटोफ्युजिन भेटलं, की दोघं एकमेकांना घट्ट धरतात. मग जीटीपी नावाच्या रेणूतली ऊर्जा वापरून ती आपला आकार बदलतात आणि पटलं जवळ ओढली जातात. बाहेरची पटलं जुळली तरी आतली उरतातच. ती जोडायला दुसरं प्रथिन, ओपीए-१.

अशा मिसळण्यानं एका तंतुकणिकेत जे बिघडलं, ते दुसरीतल्या चांगल्या मालानं भरून निघतं. तुमच्या कण्यापासून पावलापर्यंत जाणारा चेतापेशीचा तंतू मोठेपणी जवळजवळ एक मीटर लांब होतो! तिथे तर ही वीजघरं धडधाकटच हवीत. मायटोफ्युजिन-२ च्या जनुकात दोष असेल, तर शार्को-मारी-टूथ आजाराचा एक प्रकार होतो, हे २००४ मध्ये कळलं. (यातला ‘टूथ’ म्हणजे दात नव्हे, डॉक्टरांचं आडनाव!) यात बहुधा लहानपणीच पावलं दुबळी होतात, मूल चालताना सारखं अडखळतं. ओपीए-१ बिघडलं, तर नजर अधू होते. शार्को-मारी-टूथवर मुळापासून इलाज अजून नाही. व्यायाम आणि पावलाला आधार देणारे पट्टे यांवरच भागवावं लागतं.