झाड मान टाकतं तेव्हा...

संध्याकाळी घरी परतावं, गॅलरीत जावं आणि सकाळपर्यंत टवटवीत असलेल्या झाडानं मान टाकलेली दिसावी. अशा वेळी आपण बहुतेक जणी काय करतो? तांब्याभर पाणी आणून कुंडीत ओततो. मीही तेच करत होते आणि त्यापायी माझा मोगरा जवळजवळ गेलाच होता.

तो मोगरा बाजारातून आणलेला नव्हता. सांगलीला माहेरच्या परसातल्या मोगऱ्याची फांदी आईनं एका पावसाळ्यात ओल्या फडक्यात गुंडाळून दिली होती. पुढे आई गेली, घर विकलं गेलं, परसाच्या जागी इमारत उभी राहिली. आता त्या मोगऱ्याचं जे काही उरलं, ते माझ्या गॅलरीतल्या एका कुंडीत. तीन वर्षं तो छान फुलला. चौथ्या वर्षी पाऊस संपता संपता पानं पिवळी पडू लागली. मी पाणी वाढवलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "खत कमी पडतंय गं." खतही घातलं. आठ दिवसांत फांद्या लोंबू लागल्या.

शेवटी जवळच्या नर्सरीतल्या माळीदादांना बोलावलं. त्यांनी पानांकडे पाहिलंसुद्धा नाही. कुंडी आडवी करून कडेनं हलकेच ठोकली आणि झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढलं. आंबूस वास आला. मुळं तपकिरी झाली होती, चिमटीत धरताच साल सुटून येत होती. कुंडीचं भोक मातीनं गच्च बुजलेलं! "ताई, हे तहानलेलं नाही, बुडालेलं आहे," ते म्हणाले.

पाणी कमी की जास्त?

मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. माती सतत चिखलासारखी राहिली की त्यातली हवा संपते, मुळं कुजतात आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. म्हणून भरल्या कुंडीत झाड तहानल्यासारखं दिसतं. तहानलेलं आणि बुडालेलं, दोन्ही झाडं मान टाकतात. फरक पानात नाही, मातीत कळतो. मातीत बोट दोन पेरं आत घाला. कोरडं लागलं तर भरपूर पाणी द्या, अगदी खालच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. "रोज सकाळी एक तांब्या" हा नियम झाडांना लागू पडत नाही. मे महिन्यात नागपूरच्या गच्चीवर दोन वेळा पाणी लागेल, तर जुलैत मुंबईच्या गॅलरीत आठवडाभर लागणारही नाही.

माझ्या मोगऱ्याची कुजलेली मुळं माळीदादांनी कात्रीनं कापली, फांद्याही तेवढ्याच छाटल्या. मग झाड आधीपेक्षा लहान कुंडीत लावलं. दोन भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग जाड वाळू. भोकावर फुटक्या कुंडीची खापरी, तिचा फुगीर भाग वर. दोन आठवडे सावलीत. नवी पालवी दिसेपर्यंत खत अजिबात नाही. आजारी झाडाला खत घालणं म्हणजे तापानं फणफणलेल्या मुलाला श्रीखंड-पुरी वाढणं.

जास्वंदीवरचा कापूस

जास्वंदीच्या शेंड्यावर पांढरा कापूस चिकटल्यासारखा दिसतो आणि कळ्या उमलण्याआधीच गळतात, ही तक्रार घरोघरी ऐकू येते. हा पिठ्या ढेकूण. तो रस शोषतो आणि चिकट गोड द्रव टाकतो. त्या द्रवासाठी मुंग्या येतात, त्याच्या शत्रूंना हुसकावतात आणि पिल्लांना इकडून तिकडे नेतातही. त्याच द्रवावर पुढे पानांवर काळी काजळी धरते. म्हणून झाडावर मुंग्यांची रांग दिसली की आधी शेंडे आणि पानांच्या मागच्या बाजू तपासा.

कीड थोडी असेल तर स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं पुसून काढा. फार माजलेला शेंडा सरळ कापून पिशवीत बांधून टाका, कुंडीखाली टाकू नका. मग एक लिटर पाण्यात एक चमचा कडुनिंबाचं तेल आणि थोडा सौम्य पातळ साबण चांगला घुसळून फवारा. कपड्यांची पावडर नको, पानं करपतात. आधी एका पानावर फवारून दोन दिवस वाट पाहा. फवारणी संध्याकाळीच करा. अंडी वाचतात, म्हणून आठवड्यानं पुन्हा, आणि त्यानंतर आणखी एकदा. एका फवारणीत काम झालं असं समजून पुष्कळ जणी इथेच फसतात. मिरचीवरच्या माव्यालाही हेच चालतं. मिरचीची पानं चुरडून बोकड्या झाला असेल, तर ती पानं मात्र पुन्हा सरळ होत नाहीत. नव्या फुटीकडे लक्ष ठेवा. तीही वाकडीच आली तर रोप उपटून टाकलेलं बरं.

गुलाब वाढतो, फुलत नाही

विकतचा गुलाब बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरून केलेला असतो. डोळ्याच्या गाठीच्या खालून जोमदार, लांब फांदी निघते आणि आपल्याला वाटतं, झाडानं काय धरलंय! ती खुंटाची फांदी असते. सगळी ताकद तीच खाते आणि वरचा गुलाब वाळतो. पाच पानं की सात, हे मोजत बसू नका, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. फांदी गाठीच्या वरून निघाली की खालून, एवढंच पाहा. खालून असेल तर माती थोडी उकरून बुडापासून काढा.

तुळशीला मंजिऱ्या आल्या की खुडाव्यात, नाही तर ती बी धरून लवकर म्हातारी होते. दिल्ली, भोपाळकडे थंडीत तुळस आणि कढीपत्ता दोन्ही पानं गाळतात. तेव्हा पाणी कमी करा, कुंडी उन्हाच्या भिंतीला लावा आणि फेब्रुवारीपर्यंत धीर धरा. चहाचा चोथा घालायचा तर धुऊन घाला, साखर राहिली की मुंग्या आल्याच.

कुंडीखालच्या ताटलीत साठलेलं पाणी मात्र झाडापेक्षा घरातल्या माणसांना महागात पडतं. डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात वाढतो आणि त्याची अंडी ताटलीच्या कडेला चिकटून राहतात. म्हणून आठवड्यातून एकदा तरी ताटली ओतून, घासून कोरडी करा. खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर ती ओतू नका, हे सांगायला नकोच.

आणि मे महिन्यात आठ दिवस गावाला निघालात, तर सगळ्या कुंड्या सावलीत एकमेकींना चिकटवून ठेवा. पाण्यानं भरलेली बादली त्यांच्यापेक्षा थोडी उंचावर ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत पुरा. निघण्याआधी दोन दिवस हा प्रयोग करून पाहा. शेजारी किल्ली देणार असाल तर कुंड्यांजवळ एक चिठ्ठीही चिकटवा : "आधी बोट घालून पाहा, कोरडं असेल तरच पाणी." माझ्या शेजारच्या काकूंसाठी मी ती दरवर्षी लिहिते. मोगऱ्याच्या कुंडीवर जरा मोठ्या अक्षरांत.